गाडी थांबली पाहिजे

काशीत ब्रह्मा घाटाजवळ राहणाऱ्या आमच्या या वहिनी पिकअप चालवतात, हे त्यांच्या वेदपाठी सासरच्यांना अजून पचलेलं नाही. त्यांना त्याचं काही नाही. प्रत्येक वाक्याआधी त्या "सुनिए" म्हणतात, समोरच्याचं मात्र क्वचितच ऐकतात.

यंदा मंडळाचा गणपती आणायचा होता. मूर्ती मागे जोडलेल्या ट्रॉलीत, पुढच्या कडेला चढवली आणि भाड्याच्या लोखंडी खुर्च्या पिकअपच्या अगदी मागच्या टोकाला रचल्या. मागच्या चाकांवरच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, दबल्या, गाडीचं तोंड वर झालं.

"चल जाएगी हो, वहिनी. मुहूर्त टळतोय," अध्यक्ष म्हणाले.

"सुनिए, चल तो जाएगी. पुलाच्या उतारावर थांबणार नाही." त्यांनी चावी काढून कमरेला खोचली. "पुढची चाकं हलकी झालीत, ब्रेक धरणार नाहीत. खुर्च्या केबिनला टेकवा, मूर्ती जरा मागे, ट्रॉलीच्या चाकांवर घ्या."

अध्यक्ष ओरडले, आम्ही विनवण्या केल्या. वहिनी फुटपाथवर बसून राहिल्या. शेवटी आम्हीच सगळं उतरवून पुन्हा रचलं, तेव्हा गाडी समतल झाली.

उतारावर एक ई-रिक्षा अचानक आडवी आली. वहिनींनी ब्रेक दाबला आणि ट्रॉली जराही न भरकटता गाडीमागे सरळ थांबली.

मंडळाच्या सभागृहात पोचलो तेव्हा मुहूर्त टळला होता. सगळे वहिनींकडे रागानं बघत होते.

"मूर्तीला एक चरा नाही. आरती म्हणा," त्या म्हणाल्या.

कुणीच सुरुवात करेना. तेव्हा त्यांनीच खणखणीत आवाजात पहिली ओळ उचलली.