परातीतलं पिवळं पाणी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या कडेला आमचा झेंडूचा मळा होता, आणि त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, मग रक्त पुन्हा तपासू. उतरली नसेल तर माझा अंदाज चुकला समजा आणि लगेच मोठ्या दवाखान्यात हलवा." बाहेर आल्यावर आमचे वडील, अण्णा, म्हणाले, "ज्याला स्वतःचीच खात्री नाय, त्याचं औषध कशाला खायचं?" झालं. रक्त पुन्हा तपासलंच नाही.

अण्णांनी दादाला त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या, कावीळ उतरवणाऱ्या बाबांकडे नेलं. बाबा दादाच्या हातांवर कसलीशी भुकटी चोळायचे, वरून चुन्याची निवळी ओतायचे, आणि परातीत पाणी पिवळं पडायचं. जास्त पिवळं पडलं तर जोरात उतरतीय, कमी पडलं तर संपत आलीय. दादाचे डोळे मात्र तसेच, हळदीसारखे.

मी बारावी सायन्सला होते. डोक्यात किडा वळवळला. एक दिवस म्हटलं, माझेही हात धुवा. निरोगी हातांचं पाणी पिवळं पडलं, तर काय तो सोक्षमोक्ष लागेल. पडलं की. अगदी तेवढंच पिवळं. मी अण्णांकडे पाहिलं. बाबा शांतपणे म्हणाले, "हिलाबी हाय. घरात एकाला असली की दुसऱ्याला होतीच."

अण्णांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं शेजारी बसायला लागलो, माझंही तेल-मीठ बंद. "गेली शहाणपणा करायला," दादा हसला. हसतानाही त्याला दम लागत होता.

शेवटी दवाखान्यात नेला तेव्हा तो कुणालाच ओळखत नव्हता. तिथंच गेला. मला रडू आलं नाही. राग तरी यायला हवा होता, तोही आला नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी माहेरी आले होते. शेजारच्या मळ्यातली बाई पोरीला घेऊन आली. पोरीचे डोळे पिवळे. अण्णांनी मला बाहेर बोलावलं. "आमच्या पोराला दवाखान्यातल्या त्या सलायनीनं नेलं. पण हिची बाबांनीच उतरवली. बघा, कशी धडधाकट हाय."

"मला कावीळ झालीच नव्हती," मी म्हणाले. "हिला दवाखान्यात न्या."

बाई माझे डोळे निरखून बघत होती.

"एवढी साफ उतरली?" ती म्हणाली, आणि पत्ता विचारायला अण्णांकडे वळली.