बिनखिळ्याची घोंगडी

“खिळा कुटं ठोकलायस ते दाव, न्हाईतर तुझ्याच टाळक्यात ठोकतो,” असं गरजत आमचे आष्ट्याचे घरमालक ऊसतोडीचा कोयता घेऊन आत घुसले. भिंतीला खिळा मारायचा नाही, एवढी एकच त्यांची अट. पण आमच्या आणि मालकांच्या घरामधली भिंत अशी पातळ, की मी बायकोला लाडानं हाक मारली तर पलीकडून मालकीणबाई ओ द्यायच्या. शेवटी मी त्या भिंतीलगत जमीन आणि छताच्या मध्ये दोन बांबू ठासले, त्यांना आडवी काठी बांधली आणि तिच्यावर चार जाड घोंगडी टाकली. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही नवराबायको पोटभर बोललो. खिडकीतून ती लोंबती घोंगडी दिसली आणि मालकांचं डोकं फिरलं.

“आवं, खिळा न्हाई, नुसते बांबू हायेत,” मी ओरडलो. पहिल्या घावाला घोंगडी चिरली. दुसऱ्याला बांबू माझ्या डोक्यात बसला आणि रक्ताचा पाट थेट कृष्णेला जाऊन मिळाला. तिसरा घाव भिंतीत शिरला आणि म्हैस आरामात जाईल एवढं भगदाड पडलं. खिळा मात्र निघाला नाही.

पलीकडे मालकीणबाई भाकरी थापत होत्या.

“आता ह्याचं काय करायचं?” मालकांनी हळूच विचारलं.

“मारा एक खिळा आन् लावा त्यांचं घोंगडं,” त्या म्हणाल्या.