गुरुदासच्या छातीतली कळ

गुरुदास नगरपालिकेच्या अग्निशमन बंबावर ड्रायव्हर होता. बंब दुसऱ्या कुणी चालवलेला त्याला खपत नसे. विहिरीत पडलेला बैल असो की पेटलेलं गोदाम, पहिला उतरणारा तोच.

एप्रिलात शिरोड्याच्या वरच्या अंगाला काजूच्या बागेत वणवा शिरला. वाट अरुंद, बंब पोचेपर्यंत अर्धी बाग गेली होती. पाइप ओढत चढण चढताना गुरुदासच्या छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालं. घाम सुटला, तोही थंडगार. डावा जबडा ठणकू लागला. तो दगडावर टेकला.

"आग विझवूक इलास काय बसाक?" बागेचे मालक भाई ओरडले. "माजी कलमा जळतत आणि ह्यो सायबासारखो बसलोहा!"

जमलेली माणसं हसली. गुरुदास उठला.

"पित्त आसतला," त्याचा जोडीदार सुशांत म्हणाला. "खाली गेल्यार सोडा घे."

आग विझली. परतताना सुशांतने चावी मागितली. गुरुदासने दिली नाही. एका हाताने छाती चोळत त्याने बंब केंद्रावर आणला, रिकामी टाकी भरून ठेवली आणि मगच घरी गेला.

बायको किशोरी त्याला बघून दारातच थबकली. "तोंड काळा पडलाहा तुमचा. डॉक्टराकडे चला."

"गॅस आसा गो. निजलंय काय जातलो."

सकाळी त्याला अंथरुणातून उठता येईना. गावातल्या रुग्णालयातून गोव्याला हलवलं, तिथे जीव वाचला. पण डॉक्टर कागदावरची नजर न उचलता म्हणाले, "हृदयाचा बराच भाग मेलाय. दुखायला लागलं तेव्हाच आला असता तर तो भाग वाचला असता. यापुढे बंब नाही, ओझं नाही."

"मी सांगी होतंय," असं किशोरी तिथे म्हणाली नाही. पुढे मात्र रोज म्हणाली.

गुरुदासला केंद्रावर फोनपाशी बसवलं. विहिरीतून कळशी आता किशोरी ओढायची आणि तो पायरीवर बसून धापा टाकायचा. येणारे-जाणारे बघत. "नशीबवान आसा, बसान पगार," असं केंद्रातली तरुण मुलं त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. आग विझवून कुणी परतलं की गुरुदास विचारायचा, "छातीत दुखता काय रे?" मुलं छाती धरून लोळायची, खिदळायची. त्यात सुशांत सर्वांत पुढे.

पावसाळा सरल्यावर एकदा सुशांत कामावरून परतला, तो लोळला नाही. बाकावर बसून डावा खांदा दाबत राहिला.

"दुखता?"

"दुखणा नाय. जड वाटता वायच."

"हातात मुंग्यो?"

सुशांतने डाव्या हाताची बोटं झटकली.

"उठ. दवाखान्यात चल."

"अरे, गॅस आसा!"

"माजो पण गॅसच होतो!" गुरुदास इतक्या जोरात ओरडला की त्यालाच दम लागला. त्याने कॉलर धरून सुशांतला उठवलं आणि रुग्णवाहिकेत घातलं. गावातल्या डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं आणि संध्याकाळच्या आत गोव्याच्या डॉक्टरांनी त्याची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. हृदयाला फारसा धक्का लागला नव्हता.

काही महिन्यांनी सुशांत तंदुरुस्तीचा दाखला घेऊन कामावर आला. गुरुदासची ड्रायव्हरची जागा अजून कायमची भरली नव्हती. ती त्यालाच मिळाली. साहेबांनी गुरुदासलाच चावी द्यायला सांगितलं.

"तुज्यामुळा जगलंय," चावी घेताना सुशांत म्हणाला. पण डोळ्यांत बघून नाही.

त्याच दुपारी फोन वाजला. गुरुदासने पत्ता विचारला, घंटा दिली. सुशांत धावत गाडीवर चढला आणि बंब भोंगा वाजवत फाटकातून बाहेर पडला. गुरुदास खिडकीशी उभा होता. त्या बाकाजवळ आपण गप्प बसलो असतो तर, असं एक क्षण त्याच्या मनात आलं. त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण विचार गेला नाही.

घरी गेल्यावर त्याने किशोरीला तो सांगितला.

"जेवा," ती म्हणाली, आणि ताट पुढे सरकवून आत निघून गेली.