द्राक्षमळ्यांकडे निघताना

मुलगा आणि सून ऑस्ट्रेलियात राहतात. दर रविवारी सकाळी, इथे आमचा चहा होतो तेव्हा, त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. या वर्षी आम्ही दोघांनी तिकडे जायचं असं त्यांनी ठरवलं. सगळे मिळून चार दिवस शहराबाहेर जाऊ, म्हणाले. कॉल चालू असतानाच सुनेने फोटो पाठवले. लख्ख ऊन, बुटक्या टेकड्या, दूरवर घर नाही की माणूस नाही, नुसते द्राक्षांचे मळे.

ह्यांनी मोबाईल खिडकीपाशी नेऊन फोटो मोठे करून पाहिले. आमची शेती कळसाडीला, ऊस आणि कापूस. वेलींच्या तारा, ठिबकच्या नळ्या, मातीचा रंग, सगळं निरखून झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऊन तं आपलासारखंच शे!" कितीतरी दिवसांनी हे एवढे खुलले होते.

तेवढ्यात पलीकडून सून म्हणाली, "बाबा, प्रत्येक मळ्यात त्यांची वाईन चाखायला देतात. मी तीन ठिकाणी बुकिंग करतेय. आईंनाही एक घोट घ्यावाच लागेल!"

ती हसत होती. मुलगा खाली बघत होता. हे म्हणाले, "बरं," आणि मोबाईल माझ्या हातात देऊन बाहेर गेले.

सून कोल्हापूरकडची. ती घरात आली तोवर ह्यांची दारू सुटून बरीच वर्षं झाली होती. त्याआधीची वर्षं तिला कुणी सांगितलीच नव्हती. प्रकाशा गावाच्या रस्त्यावरून लोक ह्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणायचे, आणि मुलगा दप्तर पाठीवर घेऊन ओट्यावर उभा असायचा. तो दहावीत असताना ह्यांनी सोडली ती सोडलीच. कुणाच्या लग्नात पंगतीच्या मागे बाटली फिरायला लागली की आजही हे चप्पल घालून निघतात.

त्या रविवारनंतर ह्यांनी फोटो पाहिले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, पासपोर्टचं बघू. मला राहवेना. दुपारी मुलाला एकट्याला फोन केला. "तिला सांग, बाबांना शुगर आहे. डॉक्टरांनी गोड नि वाईन दोन्ही बंद केलंय."

"आई, खरं सांगू का तिला?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. तो गप्प झाला. लहानपणीही असाच गप्प व्हायचा.

मला वाटलं, मिटलं. पण सून काळजी करणारी. पुढच्या रविवारी तिने ह्यांनाच विचारायला सुरुवात केली. रिपोर्ट कधीचे आहेत? गोळी जेवणाआधी की नंतर? विम्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. तिकडच्या मैत्रिणीला विचारून तिने बाबांसाठी वेगळा नाश्ताही ठरवला होता.

आपल्याला शुगर कधी झाली हे न कळून हे माझ्याकडे बघायला लागले. "माले शुगर कवय व्हयनी?"

मी घाईने सुनेला म्हणाले, "अगं, थोडीशीच आहे, बॉर्डरवर," आणि मोबाईल घ्यायला हात पुढे केला. ह्यांनी तो घट्ट धरला. "बोलू दे माले आते."

मग हे सुनेशी बोलले. तहसील कचेरीत साहेबापुढे बोलतात तसं, एकेक शब्द जुळवत, शाळेतल्या मराठीत. "मला साखरेचा आजार नाही. मी पूर्वी दारू प्यायचो. पुष्कळ प्यायचो. आता पीत नाही. पण वास आला की अजून त्रास होतो. म्हणून ते चाखायच्या ठिकाणी मी येणार नाही. मळा बघायला येईन."

मी भिंतीकडे बघत बसले. कान तापले होते. शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल का, हा विचार आधी आला. ह्यांच्याबद्दलचा नंतर.

सुनेने शेजारी बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "तू कधीच का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "आई म्हणायची, बाहेर बोलायचं नाही."

एवढंच म्हणाला. तक्रार अशी नव्हती त्यात. पण बायकोला आपण बाहेरची समजलो, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं, कारण तो उठून खोलीबाहेर गेला. सून त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिली. ह्यांनी दारूतून स्वतःला बाहेर काढलं होतं. माझ्या 'बाहेर बोलायचं नाही'मधून पोरगा अजून सुटला नव्हता.

पुढे सगळं सुरळीत झालं. सुनेने तिन्ही बुकिंगं रद्द केली. त्याऐवजी मळ्याच्या कडेचं एक घर चार दिवसांसाठी भाड्याने घेतलं. तिथला शेतकरी छाटणी दाखवणार आहे. हे पुन्हा फोटो मोठे करून बघायला लागले. व्हिसा आला. माझीच तेवढी पंचाईत. रविवारी कॉल आला की मला पोळ्या आठवतात, कुकर आठवतो, आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते.

परवा दुपारी सुनेने मला एकटीला फोन केला. हे शेतावर गेले होते. बॅगेच्या वजनाचं बोलून झालं आणि तिने विचारलं, "आई, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे ते ह्यांच्याबद्दल.

"ट्रॉलीचा आवाज आला की मी खिडक्या लावून घ्यायचे," मी म्हणाले. "पोरगा बाहेर ओट्यावर असायचा. आधी खिडक्या लावायचे, मग त्याला आत घ्यायचे."

तिने फोन ठेवला नाही. तिच्या घरातला पंखा की काहीतरी ऐकू येत होतं. मी पदराने तोंड पुसलं आणि पुढचं सांगायला लागले.