पाचवा सामना

आर्डिस क्वालेच्या टेबलावर अमेरिकेचा एक मोठा नकाशा काचेखाली पसरलेला होता. त्याचा तिला इतका तिटकारा आला होता की ती कॉफीचा मग मुद्दाम टेक्सासवर ठेवायची.

एकोणतीस वर्षं ती हॉल्व्हर कॉलेजच्या क्रीडा कचेरीत बसत होती. हुद्दा सचिवाचा, काम पडेल ते. त्यातलं मुख्य काम अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांचं वेळापत्रक जुळवण्याचं. कोणत्या शनिवारी कोण कोणाच्या मैदानावर जाणार हे ठरवणं म्हणजे लग्न जुळवण्याचीच गत. दोन्हीकडची माणसं तयार असतात आणि तारीख निघत नाही. तरी आर्डिसने ते वर्षानुवर्षं हसतखेळत केलं, कारण आयोवातली दहा लहान कॉलेजं एका गटात होती आणि सगळी बसच्या अंतरावर. सकाळी निघायचं, दुपारी खेळायचं, हरलं तरी जेवायला घरी.

मग डॉक्टर वेल्बर्न अध्यक्ष म्हणून आले. त्यांना हा गट लहान वाटू लागला. "आता हे परसातले खेळ आपल्याला पुरे पडत नाहीत," असं ते भर सभेत बोलले, आणि हॉल्व्हरला उचलून एका मोठ्या गटात नेऊन बसवलं. तो गट पार टेक्सासपर्यंत पसरलेला. मुलं गुरुवारी बसमध्ये बसायची आणि रविवारी संध्याकाळी परतायची. सोमवारी वर्गात झोपायची. दोन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी त्या मोठ्या गटातल्या चार बड्या कॉलेजांना आणखी मोठा गट खुणावू लागला, ती गेली, आणि उरलेला गट मोडला. जुन्या गटाने हॉल्व्हरला परत घ्यायला साफ नकार दिला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. आणि धुपाटणं आर्डिसच्या हातात देऊन डॉक्टर वेल्बर्न ओहायोतल्या एका मोठ्या कॉलेजात मोठ्या पगारावर निघून गेले. जाताना निरोपसमारंभात त्यांना टाळ्या पडल्या. आर्डिसने वाजवल्या नाहीत, एवढंच तिच्या हातात होतं.

फेब्रुवारीत विश्वस्तांनी ठराव केला: पंधरा मार्चपर्यंत पुढच्या हंगामाचे घरच्या मैदानावरचे पाच सामने पक्के झाले तर फुटबॉल राहील, नाहीतर बंद. आर्डिसकडे चार होते.

हॉल्व्हरमध्ये शहाण्णव मुलं फुटबॉल खेळत होती. त्यातली निम्मी तरी केवळ खेळायला मिळतं म्हणून या मक्याच्या रानात शिकायला आली होती. फुटबॉल गेला की ती जाणार, आणि मग कॉलेजलाही कुलूप लागणार, हे सांगायला विश्वस्त लागत नव्हते. आर्डिसला शहाण्णवही मुलं नावानिशी ठाऊक होती. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत हेसुद्धा.

ती रोज सकाळी आठला फोन घेऊन बसायची. सगळ्यांना घरचाच सामना हवा होता, पाहुणं होऊन यायला कोणी तयार नव्हतं. मिसूरीतल्या एकाने बुधवारी सकाळी दहाला खेळाल का असं विचारलं. एकाने आनंदाने होकार दिला, तारीख लिहून घेतली आणि मग विचारलं की आयोवा नेमकं कुठे येतं.

"कसं चाललंय?" क्रीडा संचालक ट्रेंट दारातून डोकावून विचारायचा. तो चौतीस वर्षांचा होता, आठ महिन्यांपूर्वी आला होता. त्याच्या खोलीत फळ्यावर बाणच बाण काढलेले असायचे.

"चार आहेत."

"आर्डिस, मी काय म्हणतो, तुम्ही जरा व्यापक विचार करा. देश मोठा आहे."

"देश मोठा आहे हे मला माहीत आहे, ट्रेंट. दोन वर्षं त्याचं बसभाडं मीच भरतेय. तूही दोनचार फोन कर ना."

"मी धोरणावर काम करतोय."

धोरणावर. आर्डिसने कॉफीचा मग उचलून पुन्हा टेक्सासवर आपटला.

खरं तर पाचवा सामना कुठे आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चोवीस मैलांवर एल्डर क्रीक कॉलेज होतं. नोव्हेंबरचा पहिला शनिवार शंभर वर्षं या दोन कॉलेजांचा होता. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. दोन्ही गावांत त्या दिवशी कोणी लग्न धरत नसे, दवाखान्यात फक्त एक नर्स उरायची. हॉल्व्हर मोठ्या गटात गेलं आणि तो सामना मोडला. परसातला खेळ म्हणून डॉक्टर वेल्बर्न ज्याच्याबद्दल बोलले होते, तो हाच. एल्डर क्रीकचे क्रीडा संचालक ऑरिन टेस्के तेव्हा सभेला पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसले होते.

आता त्यांच्याचकडे जायचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणावं, तर ऑरिन गाढव नव्हते. गाढव ओहायोला गेलं होतं. आर्डिसने आदल्या दिवशी रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या केल्या, ताटलीवर फॉइल लावलं आणि अकरा मार्चला वितळत्या बर्फाच्या चिखलातून गाडी काढली.

ऑरिन टेस्के चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांची कचेरी जिममधल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती, ताठ उभं राहिलं की डोकं लागायचं. त्यांनी तिला पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

"आलीस? टेक्सासचं विमान उशिरा पोचलं वाटतं. तीन वर्षं लागली."

"बोला, बोला. ऐकून घ्यायलाच आलेय."

"मी कशाला बोलू? आम्ही परसातली माणसं. बस, डोकं सांभाळ."

आर्डिसने ताटली टेबलावर ठेवली. "ऑरिन, तो माणूस जे बोलला त्याची मला तेव्हाही लाज वाटली होती. आमच्यापैकी कोणी तुमची माफी मागितली नाही. मी मागते."

ऑरिनने फॉइलचा कोपरा उचलून पाहिलं आणि परत दाबला. "तुझी कशाला? तू भाषण केलं नव्हतंस. काम काय काढलंस ते सांग."

"नोव्हेंबरचा पहिला शनिवार. तुमच्याकडे कोण आहे त्या दिवशी?"

"कोणी नाही."

"यंदा जमलं नाही का कोणाशी?"

"यंदाच नाही. तिन्ही वर्षं रिकामा ठेवलाय," ऑरिन म्हणाले. "तो तुमचा दिवस. दुसऱ्या कोणाला द्यायचा कसा, हे मला कळलं नाही."

आर्डिसने स्वतः तोच शनिवार पहिल्या वर्षी अकराशे मैलांवरच्या एका कॉलेजला दिला होता, एका फोनवर, दुपारच्या जेवणाआधी.

"मग खेळू या," ती म्हणाली.

"खेळू. पाळी आमची आहे. शेवटचा तुमच्याकडे झाला होता."

"माहीत आहे. पण या वेळी आमच्याकडे द्या, ऑरिन. पुढची दोन्ही वर्षं तुमच्याकडे, मी आत्ता लिहून देते. घरचे पाच झाले नाहीत तर फुटबॉल बंद करणार आहेत. चार दिवस उरलेत."

"किती आहेत तुझ्याकडे?"

"चार."

ऑरिन काही बोलले नाहीत. बाहेर जिममध्ये कोणीतरी चेंडू आपटत होतं, तो आवाज डोक्यावरच्या पायऱ्यांतून येत होता. आर्डिसने बॅगेतून कागद काढून सरळ केला, त्यावर पेन ठेवलं आणि वड्यांवरचं फॉइल काढलं.

"घ्या ना. कालच केल्यात."

ऑरिनने एक वडी उचलली, अर्धी खाल्ली, हात पुसले आणि पाहुण्या संघाच्या रकान्यात सही केली.

परतताना आर्डिस गाडीत एकटीच हसत होती. पंधरा तारखेला विश्वस्तांनी पाच सामने पाहिले आणि फुटबॉल राहील असा ठराव मंजूर केला. ट्रेंटने फळ्यावर एक बाण वाढवला आणि सर्वांसमोर सांगितलं की धोरण नीट असलं की गोष्टी आपोआप घडतात. आर्डिस त्यावरही चिडली नाही. मुलांना उन्हाळी सरावाची पत्रं गेली, नवी हेल्मेटं मागवली गेली.

अठ्ठावीस मार्चला सकाळी ऑरिनचा फोन आला.

"आर्डिस, बातमी उद्या पेपरात येईल. तुला आधी सांगावं म्हटलं. तो नोव्हेंबरचा सामना व्हायचा नाही. आमचा फुटबॉल बंद केला."

"म्हणजे? कधीपासून?"

"आत्तापासून. आमच्या विश्वस्तांचंही तुमच्यासारखंच होतं. घरचे पाच हवेत. मुदत पंचवीस मार्चची होती."

आर्डिस उठून उभी राहिली. "आणि तुमच्याकडे किती होते?"

"चार. तो आमच्याकडे झाला असता तर पाच झाले असते."

"ऑरिन, अहो, मला सांगायचं ना! मी तो कागद तिथेच फाडला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं. फाडला असतास तर तुमचं गेलं असतं. मला वाटलं, आमचे लोक एक वर्ष ढकलतील. नाही ढकललं."

"तरी एक शब्द बोलायचं. दोघांनी बसून काहीतरी काढलं असतं. दोनदा खेळलो असतो, ऑगस्टमध्ये एकदा, नोव्हेंबरमध्ये एकदा. मी एकोणतीस वर्षं हेच तर करतेय!"

"मी थांबलो होतो की," ऑरिन म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. "मी तुला विचारलं, किती आहेत. तू म्हणालीस चार. मग मी जरा थांबलो. वाटलं, आता तू विचारशील. तू वड्यांवरचं फॉइल काढलंस."

आर्डिस खुर्चीत बसली. तीन वर्षं ती सगळ्यांवर चिडत आली होती. स्वतःपुरतं पाहणाऱ्या त्या वेल्बर्नवर, बाण काढणाऱ्या ट्रेंटवर, आयोवा कुठे आहे विचारणाऱ्या त्या माणसावर. त्यांच्यात आणि आपल्यात फरक आहे, असं ती धरून चालली होती. तिला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तुला लाजवायचं म्हणून नाही सांगत," ऑरिन म्हणाले. "वड्या चांगल्या होत्या."

एवढ्यात ट्रेंट दारात आला. त्याला बातमी लागली होती. "एल्डर क्रीकचं ऐकलंत? काय लोक आहेत, आधी सांगायला नको? असो, ठराव झालाय, आपण सुटलो. तेवढा तो शनिवार दुसऱ्या कोणाला तरी—"

"ट्रेंट," आर्डिस फोनवर हात ठेवून म्हणाली, "दार लाव. बाहेरून."

तो गेला. तिने डोळे पुसले, समोरचा कोरा कागद ओढला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"ऑरिन, तुमच्याकडे मुलं किती आहेत?"

"मुलं? त्रेसष्ट. एकवीस जण यंदा पदवी घेऊन जातील. बाकीच्यांना रात्री जिममध्ये बसवून सांगितलं. त्यांना कुठे पाठवायचं, मला काही सुचत नाहीये."

"बेचाळीस," आर्डिस म्हणाली. "एकेकाचं नाव सांगा. कुठल्या जागेवर खेळतो, काय शिकतो, घरचं गाव कोणतं. सावकाश सांगा, मी लिहून घेतेय."

ऑरिनने घसा साफ केला आणि पहिलं नाव सांगितलं.