बघून येणारी काकी

काकीने आयुष्यात न बघता कुठलीही गोष्ट घेतली नाही, एक काका सोडून. हे ती स्वतःच सांगायची, तेही काका समोर ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलेले असताना. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी "मुलगा चांगला हाय, मी चौकशी केलीय" एवढंच तिला सांगितलं होतं. "चौकशी म्हणजे काय, तर दुसऱ्याने बघितलेलं आपण ऐकायचं," काकी म्हणायची. "एकदा ऐकलं ते ऐकलं. तेव्हापासून मी सगळं बघून घेते." काका मान वर करायचे नाहीत. त्यांचे हात चालू असायचे.

आमचं गाव दिवेआगरच्या अलीकडे, आत, कुणब्यांचं. काकी नात्याने लांबची, पण तिच्या आणि आमच्या घरात फक्त एक दगडी गडगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली होती. गाव तिला तोंडावर बाई म्हणायचं आणि पाठीमागे 'बघूनयेऊ', कारण कशालाही तिचं उत्तर तेच. बोर्लीला ताजी सुरमई आलीय म्हणे. बघून येऊ. अमक्याच्या पोरीला चांगलं स्थळ आलंय. बघून येऊ. आणि ती खरंच जायची, न सांगता, अवेळी. पाणी मागायची आणि त्या घरची सून पाहुण्यांसमोर मोकळेपणी हसते का, एवढंच बघून परत यायची. तिने नको म्हटलेल्या घरात गावाने पुढे कधी मुलगी दिली नाही. एरवी ती शाळेची मराठी बोलायची. रागावली किंवा जीव लावून बोलायला लागली की गावची यायची.

हंगामात तिच्याकडे पर्यटक उतरायचे. मागच्या दोन खोल्या तिने त्यासाठीच बांधल्या होत्या. पाहुण्यांबरोबर कॉलेजात शिकणारी मुलं असली की काकी त्यांना घावणे वाढता वाढता पकडायची. मार्क, फी, नोकरी, काही विचारायची नाही. विचारायची ते एकच, "वर्ग सुटल्यावर तुम्ही कुठे जाता?" एकदा पुण्याचा एक मुलगा म्हणाला, गेटबाहेर चहाला. "आणि मग?" मग घरी. तो गेल्यावर काकी मला म्हणाली, "ह्याचं कॉलेज म्हणजे एसटी स्टँड आहे गं. गाडी लागेपर्यंत थांबायचं, लागली की सुटायचं." मी तेव्हा शाळेत होते. मला त्या मुलाचे बूट फार आवडले होते, बाकीचं काही कळलं नव्हतं.

आमच्या गावात कॉलेज निवडायची रीत सोपी होती. आधी झोपायची जागा, मग कॉलेज. मुंबईत गावकीची एक खोली आहे. गावातली एकटी पुरुषमाणसं नोकरीला गेली की तिथे राहतात, आळीपाळीने पथाऱ्या टाकतात. बारावी झालेला प्रत्येक मुलगा त्या खोलीत जायचा आणि खोलीपासून चालत जे कॉलेज, त्यात जे मिळेल ते शिकायचा. त्यामुळे आमच्या गावात मुलगे झाडून सगळे कॉमर्सचे. कोणाला हिशेबाची आवड होती म्हणून नव्हे, ते कॉलेज जवळ होतं म्हणून. मुली मामाकडे, आत्याकडे, ज्याच्या घरात एक चटई जास्त पसरता येईल त्याच्याकडे. माझा मामा डोंबिवलीला होता. त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर एक नवंकोरं कॉलेज उघडलं होतं. माझं भविष्य मी दहावीत असतानाच ठरलेलं होतं.

पण मधे ते मोठं वादळ येऊन गेलं होतं. त्यात पडल्या त्या सुपारीच्या पोफळी गेल्याच. दुखलं ते त्यानंतरचं. जी झाडं उभी राहिली, ज्यांच्याकडे बघून आम्ही जीव धरला होता, तीही एकेक करून वरून पिवळी पडत सुकायला लागली. कोणी म्हणे खारा वारा, कोणी म्हणे कीड. मला ते शिकायचं होतं. झाड मरतं ते कशाने मरतं, हे मला कळायला हवं होतं. वनस्पतिशास्त्र हा शब्द मी घरात उच्चारला तेव्हा बाबा, जे शहाळ्यांचा टेंपो पनवेलला नेतात, हिशेबाची वही काढून बसले. मग म्हणाले, "एकदाच धाडीन. जमलं न्हाय म्हून परत आलीस तर दुसऱ्यांदा न्हाय जमायचं मला." ते धमकी देत नव्हते. त्या वर्षी आमच्याकडे खरोखर एकदाचंच होतं.

"एकदाच म्हणतोय ना तुझा बाप," काकी म्हणाली. "मग बघून येऊ."

डोंबिवलीच्या कॉलेजातही वनस्पतिशास्त्र होतं. आम्ही तिथे पोचलो ते मुद्दाम सुटायच्या वेळेला. काकीची पाचवारी, हातात छत्री, खांद्याला प्रवासाची पिशवी. वॉचमनने विचारलं, ॲडमिशन? ऑफिस तिकडे. "ऑफिस नको," काकी म्हणाली, "ऑफिस सगळीकडे सारखंच असतं." काचेचे दरवाजे, लिफ्ट, कँटीनमध्ये सँडविच. मी तर तिथेच राहायला तयार होते. तेवढ्यात घंटा झाली आणि बघता बघता सगळी इमारत गेटातून बाहेर गेली. रिकाम्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकं प्लास्टिकच्या टोप्या घालून ओळीने उभी होती. काकीने एक टोपी उचलली. "मॅडम, हात नका लावू, नवीन आहेत," तिथला माणूस धावत आला. काकीने बोटावरची धूळ त्याला दाखवली आणि विचारलं, "किती वर्षं नवीन आहेत?" परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, छान आहे ना? ती म्हणाली, "लिफ्ट छान आहे."

दुसरं कॉलेज आमच्याच जिल्ह्यातलं, दोन गाड्या बदलून जावं लागे असं. कौलारू, भिंतींवर शेवाळ, फाटकाला कडी नाही म्हणून सुतळी बांधलेली. घंटा इथेही झाली, पोरं इथेही सुटली, पण अर्धीअधिक गेलीच नाहीत. पायऱ्यांवर एक सर उकिडवे बसले होते, पुढ्यात वर्तमानपत्रावर कुजलेली पानं, भोवती पाच-सहा मुलं, आणि सगळी एकदम बोलत होती. एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही चुकताय." सर म्हणाले, "मग दाखव." काकीने माझा हात घट्ट धरला. सरांनी वर बघून विचारलं, कोण हवंय? "कोणी नको," काकी म्हणाली, "मुलगी द्यायची आहे, घर बघायला आलोय." सरांनी हात पँटला पुसले. "मग आत या," ते म्हणाले, "घर जरा पसरलेलं आहे." आतली टेबलं डागांनी भरलेली होती, एकाची कड जळलेली होती. काकी त्या जळक्या कडेवरून हात फिरवत राहिली.

मला वाटलं, आता गाडीत भाषण होणार. ती फक्त म्हणाली, "मी बघितलं, तू बघितलंस. शिकायचं तुला आहे. मी आता बोलणार नाही." आणि घरापर्यंत खरोखर बोलली नाही, जे तिला किती जड गेलं असेल ते मीच जाणे. वाटेतलं म्हसळा येईपर्यंत माझं ठरलं होतं.

बाबांपुढे सांगायची वेळ आली ती काकीच्याच ओटीवर. "वयनी, कालेज लय चांगलं आसंल," बाबा म्हणाले, "पर पोरगी ऱ्हानार कुटं? तितलं हॉस्टेल भरलंय. डोंबिवलीला मामाचं घर हाय."

"झोपायसाठी डोंबिवलीला धाडायची आसंल तर हितंच झोपू दे की तिला. हितं हवा बरी हाय."

बाबा तरी मामाच्या घरावरून हलले नाहीत. तेव्हा काकी जे बोलली ते गावात कोणी आधी ऐकलं नव्हतं. "आरं, मी डीएडला गेली न्हाय, चुलत्याच्या घरी भाकऱ्यांना गेली. सकाळच्या भाकऱ्या झाल्या की कालेज, नि वर्ग सुटला की पळत घरी, पुढच्या भाकऱ्यांना. बाकीच्या पोरी थांबायच्या. नाटक बसवायच्या, भांडायच्या, गाणी म्हनायच्या. मी फाटकापतूर ऐकत जायची. मास्तरीन झाली मी, व्हय, पर माजं कालेज ऱ्हायलं ती ऱ्हायलंच."

काकांचे हात थांबले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

बाबा म्हणाले, "मग ऱ्हायाचं कुटं, ती तरी सांगा." काकीने पदर खोचला. "बघून आलेय." मी सरांशी बोलत होते तेवढ्या वेळात तिने कॉलेजमागच्या आळीत एका एकट्या बाईंची खोली बघून ठेवली होती. नळाला पाणी होतं, दाराला आतून कडी होती, आणि बाई अभ्यास चालू असताना दिवा मालव म्हणणाऱ्या नव्हत्या. बाबा हसले. "एकदाच हां," ते म्हणाले. "बघून घेतलं की एकदाच पुरतं," काकी म्हणाली.

कॉलेज सुरू झालं, पण सुरुवातीला मला ते 'एकदाच' पुरेना. वर्ग सुटला की मी खोलीवर, आणि शनिवार आला की पहिल्या गाडीने घरी. काकीने काही आठवडे बघितलं आणि मग एका शनिवारी मला गडग्यावरच अडवलं. "हितं काय विसरलंय तुजं?" मी रडवेली होऊन म्हटलं, काकी, तिथे मला कोणी ओळखत नाही. "पळनाऱ्या मानसाला कोन वळखील? वर्ग सुटला की तासभर थितंच थांबायचं. कायबी कर, नायतर काय करू नको, पर थांब."

आणि संध्याकाळी फोन. जेवलीस का, हे आई विचारायची. काकी विचारायची, "वर्ग सुटल्यावर काय केलंस?" बसले. "कुठे?" पायऱ्यांवर. "बरं." कितीतरी दिवस आमचं एवढंच बोलणं. मग एक दिवस सर जाता जाता म्हणाले, रिकामी बसलीयस तर ही पानं धुऊन दे. मी पानं धुतली. दुसऱ्या दिवशी कापली. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि मग तासाचे दोन तास कधी झाले ते मला कळलं नाही. पुस्तकात होतं तेच वर्गात होतं. त्यापलीकडचं सगळं वर्ग सुटल्यावर होतं. "सर, तुम्ही चुकताय," असं ज्या दिवशी मी म्हटलं आणि सर "मग दाखव" म्हणाले, त्या दिवशी काकीने फोनवर ती गोष्ट माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली.

दुसऱ्या वर्षी मी काकीच्या वाडीतल्या सुकत्या पोफळीची मुळं पिशवीत घालून सरांपुढे नेली. काळी पडली होती, हात लावला की त्यांचा चुरा होत होता. सर म्हणाले, जागा बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. हे ऐकून काकी म्हणाली, "हा माणूस आपल्यातला आहे." आमचा अख्खा वर्ग एसटीने गावात आला, दिवसभर खणत बसला. वादळात वाडीतले पाट फांद्यांनी आणि रेतीने बुजले होते. वरून दिसत नव्हतं, पण खाली पाणी तुंबून राहिलं होतं आणि मुळं कुजत होती. त्या उन्हाळ्यात गावाने पाट मोकळे केले. सगळी झाडं वाचली असं नाही, पण पुढच्या पावसाळ्यानंतर सुकणं थांबलं. बाबा पनवेलपर्यंत प्रत्येक नाक्यावर ते सांगत गेले. काकीने माझ्या वर्गाला शहाळी पाजली आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला. सरांनाही.

मी पुढे शिकायला दापोलीला गेले आणि काकीच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. उशिरा कळलं. जिने सारं बघून घेतलं तिला समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागायला लागला. मला ते बघवत नसे, पण ती कुरकुरली नाही. त्याच वर्षी तिची नात, मानसी, हिला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जायचं होतं. काकीने मला बोलावलं. "तू बघून ये. मी येऊन काय करू?"

मी आणि मानसी गेलो, सुटायच्या वेळेला. परत आल्यावर मी ओटीवर बसून इमारत, वर्ग, राहायची खोली असं सगळं सांगायला लागले. काकीने मधेच हात वर केला.

"वर्ग सुटल्यावर?"

"थांबतात, काकी. वर्कशॉपमध्ये दिवा लागेपर्यंत पोरं होती."

"तू बघितलंस?"

"मी बघितलं."

"मग झालं," ती म्हणाली. आणि काकांच्या सुपाऱ्या सोलण्याच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "ऐकलं का, ही न बघता घेतलेली दुसरी गोष्ट."

काकांनी सुपारी खाली ठेवली. "पयली काय वाईट निगाली व्हय गो?" ते म्हणाले. काकी इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढच्या शिमग्याआधी ती गेली, दुपारी, झोपेतच. दहाव्याला गावातल्या ज्या ज्या मुली शिकल्या त्या सगळ्या आल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की तो प्रश्न काकीने फक्त आपल्यालाच विचारला होता. मला तिची फार आठवण येते. संध्याकाळ झाली की हात फोनकडे जातो, आणि मग लक्षात येतं की आता विचारणारं कोणी नाही.

म्हणून विचारणारी मी झाले. परवा संध्याकाळी मानसीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला. मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं आणि दोन-तीन पोरं हमरीतुमरीवर आली होती.

"काय केलंस गं आज वर्ग सुटल्यावर?" मी विचारलं.

"ताई, अजून थितंच हाय मी," ती घाईघाईने म्हणाली, "मागनं करते तुला," आणि माझ्या तोंडावर फोन ठेवून दिला.