मोकळं हाय

"पावणं, तुमचं काम ओरडायचं. बोलायचं न्हाय."

खाणीच्या मालकाने हे खडीच्या ढिगापुढे, क्रशरवरच्या सगळ्या माणसांदेखत सुनावले. कोणीतरी हसले. माझ्या हातातले लाल निशाण खाली आले. कालपर्यंत हाच माणूस मला 'मामा' म्हणत होता. पावणं म्हणजे वाटेने जाणारा कोणीही.

मी वडार. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या या खाणीत माझी हयात गेली. घण झेपेनासा झाला तेव्हा मला निशाणावर नेमले. सुरुंगाआधी रस्ता अडवायचा, कातळाच्या कडेने फिरून माणूस, जनावर नाही याची खात्री करायची आणि ओरडायचे, "मोकळं हाय!" त्याशिवाय सुरुंग उडत नाही. मी मुळात हळू बोलणारा. उभ्या आयुष्यात मोठ्याने बोललो ते एवढे दोनच शब्द.

खाणीच्या वरच्या कोपऱ्यात आमच्या वस्तीची माणसे पुरलेली आहेत. माझी आईसुद्धा. तिला माती देताना मालक स्वतः आला होता. ओंजळभर माती टाकून म्हणाला होता, "मामा, ह्यो कोपरा तुमचा. हितं पहार लागणार न्हाय." तो शब्द मी घरोघर पोचवला. शंका काढणाऱ्यांना मीच गप्प केले. "मालक आपला हाय," म्हणालो. फसवले त्याने, पण जामीन मी राहिलो होतो.

त्या सकाळी त्याच कोपऱ्यात सुरुंगाची भोके पाडलेली दिसली. एक आईच्या उशाशी. मी खाली येऊन एवढेच विचारले, "ह्यो कोपरा आमचा म्हणलासा न्हवं?"

त्यावर ते उत्तर. आणि वर, "मेलेल्यास्नी काय ऐकू येतंय? चला, द्या आरोळी!"

मी नेहमीप्रमाणे कडेने फिरलो. आजवर मी फक्त जिवंत माणसे पाहत आलो होतो. आईच्या उशाशी थांबलो. निशाण मातीत रोवले. आवाज फाटेपर्यंत ओरडलो,

"मोकळं न्हाय!"

खाली क्रशर थांबला. कोणी हसले नाही.

"मामा, खाली या की! काय लावलंय हे?"

पुन्हा मामा. मी ते नाते घेतले नाही. खालीही उतरलो नाही.

उद्या मालक निशाणावर दुसरा माणूस नेमेल. त्यालाही ओरडण्याआधी कडेने फिरून पाहावे लागेल. मी इथे असेन.